गुराब आणि गलबत

श्रोतेहो, कोल्हापुराला समुद्र नाही. पंचगंगेचे पाणी कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या सोबतीने पार पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाते. जवळचा अरबी समुद्र राहतो तो सह्याद्रीच्या भिंतीपलीकडे. म्हणून करवीर राज्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्हाळा येतो, विशाळगड येतो, रांगणा येतो, घोडी आणि भाले येतात. आरमार काही येत नाही. पण खरी गोष्ट अशी, की अठराव्या शतकात मालवणच्या बंदरातून जी लढाऊ जहाजे शिडे उभारून बाहेर पडत, ती करवीरच्या छत्रपतींची होती. सिंधुदुर्ग त्यांच्या ताब्यात होता. मुंबईच्या इंग्रजांनी या दर्यावर्द्यांना त्यांच्या गावावरून ‘मालवन’ असेच नाव ठेवले होते, आणि ते नाव उच्चारताना त्यांच्या मनात धाक असे.

या आरमारात दोन जातींची जहाजे मुख्य. एक गुराब, दुसरे गलबत. गुराब मोठी, गलबत लहान. आज आपण या दोघांची शेजारी शेजारी उभी करून तुलना करू या. तुम्ही म्हणाल, घाटावरच्या शेतकऱ्याला आणि शाळामास्तरांना या जहाजांचे काय? तर सांगतो. मोठे चांगले की लहान चांगले, हा प्रश्न आपल्याला रोज पडतो. औताला, विहिरीला, गाडीला, घराला, सगळ्याला पडतो. आपल्या पूर्वजांना तो समुद्रावर पडला होता, आणि त्यांनी त्याचे जे उत्तर काढले ते विचार करण्याजोगे आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. आज ‘गलबत’ म्हटले की मुलांना वाटते, एखादे भले थोरले जहाज असणार. जुन्या कागदपत्रांत तसे नाही. तिथे गलबत म्हणजे वल्ह्यांनी आणि शिडाने चालणारी हलकी, चपळ लढाऊ नाव. ‘गुराब’ हा शब्द तर आता बोलण्यातून गेलाच आहे. तो मूळचा अरबी, आणि अरबीत त्याचा अर्थ कावळा. इंग्रजांनी गुराबचे ‘ग्रॅब’ केले आणि गलबताचे ‘गॅलिव्हॅट’. शिक्षकबंधूंनी हे ध्यानात ठेवावे, नाहीतर बखरीतले वाक्य वाचताना लहानाचे मोठे आणि मोठ्याचे लहान होऊन बसते.

आता या विषयाचा सर्वांत मोलाचा कागद कोणता, तर तो आपल्या करवीर राज्याचाच आहे. त्याचे नाव ‘आज्ञापत्र’. १७१५ च्या सुमारास, करवीरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या कारकिर्दीत तो सिद्ध झाला, आणि तो रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. हे रामचंद्रपंत म्हणजे गगनबावड्याच्या पंत अमात्य घराण्याचे पुरुष. शिवछत्रपतींच्या हाताखाली ते तयार झाले आणि राजाराम महाराजांच्या कठीण काळात त्यांनी राज्य सावरले. गगनगडावर उभे राहिले की पायथ्याशी सगळे कोकण पसरलेले दिसते. घाट उतरले की खारेपाटण, तिथून खाडी, खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. म्हणजे अमात्यांचे घर डोंगरात असले तरी त्यांची नजर पाण्यावर होती असे म्हणायला हरकत नाही.

या ग्रंथात राजनीतीची नाना अंगे सांगितली आहेत, आणि आरमाराला त्यात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्याचा मतलब आपल्या भाषेत सांगतो. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग आहे. ज्याचे आरमार त्याचा समुद्र. गुराबा बांधाव्यात त्या फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. गलबतेही तशीच. जी जहाजे वाऱ्याशिवाय जागची हलत नाहीत, अशी अवजड धुडे बांधण्याचे कारण नाही. आणि मग हिशेब दिला आहे: पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. सुभा म्हणजे एका अंमलदाराखालचा ताफा. एका मोठ्या जहाजाला तीन लहान.

हा हिशेब मनात धरून ठेवा, पुढे कामाला येईल. आता एकेक जहाज नीट पाहू.

रॉबर्ट ओर्म नावाचा एक इतिहासकार ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या जहाजांचे बारकाईने वर्णन केले आहे. लिहिणारा शत्रूपक्षाचा, तेव्हा उगाच स्तुती करील असा संशय घ्यायला जागा नाही. तो सांगतो, गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची. लांबीच्या मानाने ती पुष्कळ रुंद, आणि पाण्यात फार खोल न बुडणारी. मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली, आणि पुढच्या टोकाला, ज्याला आपले दर्यावर्दी नाळ म्हणतात, तिथे पक्ष्याच्या चोचीसारखा लांब पुढे आलेला भाग.

या चोचीत सगळी मेख आहे. युरोपियन जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. म्हणजे गोळा टाकायचा तर जहाज आडवे फिरवावे लागे. गुराबेला कुशीच्या तोफा असतच, सहा ते नऊ पौंडी गोळ्याच्या. पण शिवाय पुढच्या बाजूला, चोचीवरून मारा करणाऱ्या, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा असत. म्हणजे गुराब शत्रूच्या पाठीमागे लागली असतानाच, तोंड न वळवता, सरळ समोर गोळे टाकू शके. पळणाऱ्याचा पाठलाग करणाऱ्याला याहून सोयीचे काय?

पण प्रत्येक सोयीची काही किंमत असते. त्या लांब चोचीमुळे समोरून लाटा आल्या की गुराब पुढेमागे जोराने आपटे, आणि चोचीवर पाणी चढे. मग आपल्या सुतारांनी काय केले? त्या भागाला कठडाच ठेवला नाही. तो उघडा सोडला. लाट आली की वरून धावत जाऊन दोन्ही बाजूंनी खाली उतरे. जहाजाच्या मुख्य भागात पाणी शिरू नये म्हणून मध्ये मजबूत फळ्यांची आडभिंत, आणि तिला भोके पाडून त्यातून तोफांची तोंडे बाहेर काढलेली. पावसाचे पाणी अडवून बांध फोडून घेण्यापेक्षा सांड ठेवून वाट करून देणारा शहाणा शेतकरी जे करतो, तेच हे.

आता गलबत पाहा. बांधणी गुराबेच्याच वळणाची, पण आकार लहान. मोठ्यात मोठे गलबतही ७० टनांच्या वर क्वचित जाई. डोलकाठ्या दोन, त्यांतली मागची अगदीच बारीक. पुढच्या काठीवर एकच शीड, तिकोनी आणि भले मोठे. उभारले की त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. बहुतेक गलबतांवर लाकडी पाटांऐवजी फाडलेल्या बांबूंची तक्तपोशी, का तर वजन कमी व्हावे. अशा गलबतांवर जड तोफा नसत. कठड्यावर खुंटीभोवती फिरणारे लहान जंबुरे बसविलेले असत. मोठ्या गलबतांना मात्र पक्की तक्तपोशी आणि दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा. आणि मुख्य गोष्ट, चाळीस-पन्नास दणकट वल्ही. वारा पडला तरी या वल्ह्यांच्या जोरावर गलबत तासाला ४ मैल जाई.

तासाला चार मैल! हसू येईल तुम्हाला. एवढ्या वेगाने तर आपला बाजाराला निघालेला गडीही चालतो. पण जरा थांबा आणि विचार करा. वारा अगदी पडला आहे, शिडे ओल्या धोतरासारखी लोंबत आहेत, आणि शत्रूचे हजार टनांचे जहाज पाण्यावर खिळून राहिले आहे. त्याला इकडे तोंड करता येत नाही, तिकडे करता येत नाही. अशा वेळी चार मैलांच्या वेगाने जिकडे पाहिजे तिकडे जाणारी नाव म्हणजे बांधलेल्या रेड्याभोवती मोकळा फिरणारा लांडगाच.

म्हणजे दोघांची तुलना अशी. गुराबेच्या अंगी ताकद, गलबताच्या अंगी चपळाई. गुराबेच्या तोफा लांबवर मारणार, गलबताचे जंबुरे जवळून. गुराब वाऱ्याची मिंधी, गलबत मनगटाच्या जोरावरही जाणारे. गुराबेला पाणी जास्त लागणार. गलबत उथळ खाडीत, खडकांच्या फटीतूनही आत शिरणार. उलट उघड्या समुद्रात मोठी लाट उठली, तर गुराब टिकून राहील आणि गलबताला किनारा शोधावा लागेल. शिवाय वल्ही म्हटली की माणसे आली, माणसे म्हटली की पाणी आणि शिधा आला. लहान नावेत माणसे खच्चून भरली तर शिधापाण्याला जागा कुठली? म्हणून गलबत किनारा सोडून फार दिवस दूर राहू शकत नाही.

मग चांगले कोणते? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न असा विचारलाच नाही, इथेच त्यांचे शहाणपण आहे. त्यांनी दोघांची जोडी लावली.

ही जोडी काम कशी करी तेही ओर्मने सांगून ठेवले आहे. मोठ्या जहाजावर हल्ला करायचा असला की आंग्र्यांच्या ताफ्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असत. सावज दिसले की नांगराचे दोर सोडून सगळी बाहेर पडत. वारा असला तर शिडांवर. वारा नसला तर गलबते वल्हवत आणि दोर लावून गुराबांना ओढून नेत. आपल्याकडे भरलेली गाडी घाट चढेना, की पुढे आणखी एक बैलजोडी जुंपतात, अगदी तसेच. मग सगळी मिळून शत्रूच्या पाठीमागे जमत, कारण त्याच्या कुशीच्या तोफा तिथे पोचत नाहीत. गुराबा आपल्या चोचीवरच्या तोफांनी लांबूनच मारा धरीत, आणि तोही कशावर? आधी फक्त डोलकाठ्यांवर. शत्रूच्या तिन्ही डोलकाठ्या एका रेषेत आल्या की नेम धरायचा, म्हणजे एक चुकली तर दुसरी सापडते. डोलकाठ्या पडल्या की जहाज लंगडे झाले. मग जवळ जाऊन चारी बाजूंनी झोड. तरीही शत्रू शरण येईना, तर शेवटी गलबतांची पाळी. एकेका गलबतात दोनदोनशे, तीनतीनशे माणसे, आणि सगळीकडून एकाच क्षणी तलवारी घेऊन वर चढणार.

म्हणजे आधी गलबत गुराबेला ओढते, मग गुराब गलबतासाठी वाट मोकळी करते, आणि शेवटचा घाव पुन्हा गलबत घालते. याच रीतीच्या बळावर १७३५ साली संभाजी आंग्र्यांनी इंग्रजांचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज धरले, आणि १७५४ साली तुळाजी आंग्र्यांनी ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी झुंज देऊन दोन जाळली, एक ताब्यात घेतले.

आता तो हिशेब आठवा. आज्ञापत्रात पाचाला पंधरा, म्हणजे एकास तीन. ओर्मच्या वर्णनात साधारण एकास पाच. १७५५ साली चौलच्या बाजूने पेशव्यांचे जे आरमार बाहेर पडले, त्यात ७ गुराबा आणि ६० गलबते होती. म्हणजे एकास आठाच्या वर. आकडे बदलले, पण लहानांची संख्या मोठ्यांपेक्षा नेहमी जास्त आहे आणि मोठ्यांची जागा कधी रिकामी नाही. गणिताच्या तासाला गुणोत्तर शिकविताना मास्तरांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. इतिहास आणि गणित दोन्ही एका दगडात होतील.

कोणी म्हणेल, मोठी जहाजे परवडत नव्हती म्हणून लहान बांधली, यात कसले शहाणपण? पैशाची अडचण होती हे खरे. अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात. पण एवढ्यावर भागत नाही. आपला किनारा कसा आहे पाहा. वाघोटणची खाडी, जयगडची खाडी, कर्लीची खाडी. तोंडाशी वाळूचे दांडे, आत चिखल, भरती-ओहोटीने पाणी सारखे वरखाली. इथे खोल बुडणारे जहाज आणणे म्हणजे चाकोरीच्या वाटेवर हत्ती नेणे. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी आंग्र्यांनी बांधलेली म्हणून ओळखली जाणारी गोदी आहे, साडेतीनशे फूट लांब, काही भाग खडक फोडून केलेला. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला कोरड्यावर डागडुजी करायची. कमी बुडणाऱ्या रुंद जहाजांना ही सोय लागू पडते. पाणी जसे, तसे जहाज. रान जसे, तसे औत.

दुसरे कारण लाकडाचे. आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे सांगितले आहे ते प्रत्येक गावच्या चावडीवर वाचून दाखवावे असे आहे. त्याचा आशय असा: सागवान वगैरे लाकूड राज्याच्या अरण्यात असेल ते परवानगीने तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस हीही आरमाराच्या कामाची झाडे, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड फारच जुने होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती सर्वथा नको. श्रोतेहो, ज्या राज्याला आंब्याच्या झाडाचा धनी राजी आहे की नाही हे पाहायचे आहे, त्या राज्याला शंभर तोफांच्या धुडापायी डोंगरच्या डोंगर बोडके करून चालणार नव्हते. जहाजाचा आकार असा थेट परसातल्या झाडापर्यंत येऊन पोचतो.

पैशाबद्दलही तसेच. आरमाराचा खर्च बंदरांत येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या माथी मारू नये, नाहीतर त्यांना उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील. त्याची नेमणूक मुलखाच्या उत्पन्नातून करावी, असे आज्ञापत्र बजावते. म्हणजे घाटावरच्या शेतसाऱ्यातून कोकणातले वल्हे चालायचे. तुमच्या-आमच्या खापरपणजोबांचा घाम त्या गुराबांत आहे.

आता या जोडीतला लहान भाऊ एकट्याच्या हिमतीवर काय करू शके, याचे एक उदाहरण. १६७९ साली, पावसाळ्याच्या अखेरीस, शिवछत्रपतींच्या हुकमाने मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट ताब्यात घेतले आणि तटाचे काम सुरू केले. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या लहान नावा थळ-नागावच्या बाजूने रात्री सुटत, उथळ पाण्यातून, खडकांच्या कडेने शिधा आणि माणसे पोचवून पहाटेला परतत. मोठी जहाजे नुसती पाहत राहत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानांच्या हाताखाली आपल्या नावांनी इंग्रजी ताफ्यावर चाल केली. इंग्रजांजवळ ‘डोव्हर’ नावाची एक गुराब होती. तिने निशाण उतरविले. इंग्रजांच्या बाकीच्या लहान नावा पळाल्या.

पण खोटे सांगू नये. त्याच दिवशी ‘रिव्हेंज’ या एकट्या मोठ्या इंग्रज जहाजाने तोफांचा असा भडिमार केला की आपल्या नावांना मागे फिरावे लागले. खांदेरी राहिली ती मराठ्यांकडेच. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तहावर येऊन जहाजे काढून घेतली. मात्र त्या दिवसाने दोन्ही गोष्टी दाखविल्या. चपळाईने किती साधते ते, आणि भारी तोफेपुढे नुसती चपळाई कुठे थांबते ते.

ही मर्यादा पुढे फार महागात पडली. १७५५ च्या एप्रिलात इंग्रजांचा कमोडोर जेम्स, पेशव्यांच्या मदतीला म्हणून, आंग्र्यांच्या सुवर्णदुर्गावर चालून आला. त्याच्याजवळ ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ जहाज होते. तुळाजींचा ताफा बंदरातून निसटला आणि दक्षिणेकडे निघाला. ओर्म लिहितो, की वाऱ्याची प्रत्येक झुळूक धरता यावी म्हणून त्या खलाशांनी असतील नसतील ती शिडे लावलीच, पण अंगावरचे कपडे आणि डोक्यावरची पागोटीसुद्धा काढून टांगली. ते त्या दिवशी निसटले. चपळाईने जीव वाचला, पण किल्ला वाचला नाही.

पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १७५६ रोजी, ॲडमिरल वॉटसन विजयदुर्गावर आला. जमिनीवरच्या फौजेबरोबर क्लाइव्ह होता. या वेळी आंग्र्यांचे आरमार खाडीत, किल्ल्याच्या आडोशाला, एकत्र बांधून ठेवलेले होते. त्यात आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले ‘रिस्टोरेशन’ जहाजही होते. इंग्रजांचा एक पेटता गोळा नेमका त्यावर पडला. ते पेटले, शेजारचे पेटले, त्याच्या शेजारचे पेटले, आणि तासाभराच्या आत ते सगळे आरमार जळून गेले. विचार करा, गलबताची सारी किंमत त्याच्या मोकळेपणात. त्यालाच दावणीला बांधले, तर राहिले काय? लाकडाचा ढीग. आणि दुसरे दुःख याहून मोठे. मराठ्यांचे हे आरमार जाळायला आलेल्या इंग्रजांना बोलावणारेही मराठेच होते.

विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि तिथे धुळपांनी आरमार पुन्हा उभे केले. १७८३ च्या एप्रिलात आनंदराव धुळपांच्या ताफ्याने इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज धरले, म्हणजे विद्या अगदीच लोपली नव्हती.

इकडे करवीरच्या मालवणात काय झाले? कान्होजी आंग्रे १७१३-१४ मध्ये शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले, तेव्हा आरमाराचा मोठा हिस्सा साताऱ्याकडे गेला. करवीरकडे सिंधुदुर्ग आणि त्याच्या भोवतीचा किनारा राहिला. आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण वाचताना ही गोष्ट आठवली की त्यातली कळकळ जास्त कळते. हातातून निसटत चाललेल्या गोष्टीची ती काळजी आहे. तरी मालवणची जहाजे अर्धशतक समुद्रावर दरारा ठेवून होती. मुंबईकर इंग्रज त्यांना चाचे म्हणत. करवीरची बाजू अशी, की आमच्या समुद्रात आमचे दस्तक घेऊन फिरा. पोर्तुगीज आणि इंग्रज स्वतः जे करीत, त्याला ते परवाना म्हणत. दुसऱ्याने केले की ती लूट! इतिहासाच्या मास्तरांनी मुलांना हेही विचारायला लावावे, की नाव ठेवणारा कोण आहे.

१७६५ साली मुंबईकरांनी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांना पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. त्या वेळी करवीरचा कारभार महाराणी जिजाबाईंच्या हाती होता. त्यांनी १७६६ मध्ये तह करून किल्ला परत मिळविला. १७९२ मध्ये पुन्हा इंग्रजांनी स्वारीची तयारी केली, तेव्हा नुकसानभरपाई आणि वखारीची परवानगी देऊन करवीरला तह करावा लागला. शेवटी १ ऑक्टोबर १८१२ चा तह आला. त्यात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांना गेले. आणखी एक कलम होते: करवीरने यापुढे लढाऊ जहाजे बाळगायची नाहीत, आपल्या बंदरांत सज्जही होऊ द्यायची नाहीत. बदल्यात संरक्षणाचे आश्वासन मिळाले. एका कलमात गुराबही गेली आणि गलबतही गेले. सह्याद्रीखालचे पाणी आपल्या नजरेआड झाले ते तेव्हापासून.

पुढे ‘गलबत’ हा शब्द मिठाच्या, कौलांच्या, नारळाच्या वाहतुकीच्या नावांना चिकटला आणि आपण मूळ अर्थ विसरलो. ‘गुराब’ला तेवढाही आसरा मिळाला नाही.

या सगळ्या कथेतून काय घ्यायचे? मला वाटते, एवढेच, की वस्तू लहान की मोठी हे तिच्या कामावर आणि तिच्या जोडीदारावर ठरते. आपल्या लोकांनी आपले पाणी, आपला वारा, आपले रान आणि आपली रयत पाहून जहाजाचे माप ठरविले. दुसऱ्याचे मोठे जहाज पाहून डोळे दिपवून घेतले नाहीत. हे त्यांचे यश. पण ते माप किनाऱ्यापुरते होते. शत्रूच्या तोफा वाढत गेल्या, त्याची जहाजे बारमाही समुद्र ओलांडू लागली, तेव्हा आपल्या गुराबेने त्या मानाने वाढायला हवे होते, आणि घरच्या भांडणात तेवढी सवड कोणाला राहिली नाही. हे त्यांचे अपयश. दोन्ही सांगितले तरच इतिहास पुरा होतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेची सहल सिंधुदुर्गाला निघाली तर मुलांना तट तर दाखवाच, पण आधी त्यांना मालवणच्या धक्क्यावर उभे करा आणि किल्ल्यापर्यंतच्या पाण्यातले खडक मोजायला सांगा. मग विचारा, या वाटेने कोणते जहाज जाईल, गुराब की गलबत? मुले आधी एकच नाव घेतील. त्यांना म्हणावे, बाहेर दूर समुद्रात शत्रू उभा आहे, आता सांगा. मग ती आपापसांत भांडू लागतील. भांडू द्या. त्यांतले एखादे पोर म्हणेल, गुरुजी, दोन्ही लागतील. त्या पोराला आज्ञापत्रातले एक पान न वाचता कळले असे समजा.